दहा इंचांतलं शून्य

आमच्या कोल्हापुरात पावसाळा चढला की माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत. "किती झालं?" एवढंच विचारतात. काय किती झालं, असं जो उलट विचारेल तो बाहेरगावचा पावणा समजावा. न्हाव्याच्या खुर्चीत गालाला साबण लावून बसलेला माणूस, मोटरसायकलला किटल्या अडकवलेला दूधवाला, बँकेच्या खिडकीतल्या बाई, सगळ्यांना बंधाऱ्यावरची पाण्याची पातळी तोंडपाठ असते. एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका. बोलायची रीतही ठरलेली. "एक्केचाळीस-सात" म्हणजे एक्केचाळीस फूट सात इंच. फूट आणि इंच हे शब्द उच्चारायला त्या दिवसांत कुणाला सवड नसते. लिहिताना मध्ये एक ठिपका द्यायचा, ४१.७, की झालं. ठिपक्यापुढचे इंच, मागचे फूट. शाळेत शिकलेला दशांश आम्ही पावसाळ्यापुरता माळ्यावर टाकतो.

त्या ठिपक्यानं माझी थोरली बहीण आणि तिच्या तीन म्हशी जवळजवळ पाण्यात घातल्या होत्या.

मी धंद्यानं निवेदक. लग्न, उद्घाटन, सत्कार, जत्रेतल्या कुस्त्या, जिथं माईक तिथं मी. पन्नाशी गाठली तरी एका जागी बसायची विद्या मला आलेली नाही. पावसाळ्यात लग्नं नसतात, जत्रा नसतात, त्यामुळं तोंड बंद पडतं आणि पाय वळवळायला लागतात. अशाच एका रिकाम्या पावसाळ्यात सरांनी मला विकीवर ओढलं.

सर कागलकडचे. घर शेतकरी जैनांचं, भाऊ ऊस बघतात आणि हे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. हळू बोलतात, मोजून बोलतात, आणि माझ्याशी का मैत्री ठेवतात हे त्यांच्या बायकोला अजून कळलेलं नाही. त्यांनी नदीकाठच्या गावांची एक छोटी विकी, म्हणजे विकिपीडियासारखी कुणालाही पानं लिहिता येतील अशी वेबसाइट, उभी केली होती. प्रत्येक गावाला एक पान. त्यावर गावाचा रस्ता कितीला बुडतो, ट्रॅक्टर कुणाकडं आहे, जनावरं कुठं हलवायची, अशी माहिती. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक चौकट. ही चौकट म्हणजे विकीच्या भाषेत साचा. एका ठिकाणी पातळी भरली की साच्यातून ती झाडून सगळ्या गावांच्या पानांवर उमटायची आणि कुठला रस्ता चालू, कुठला बंद, तेही साचाच ठरवायचा. सर साचे बांधायचे. मी पातळी भरायचो, कारण माझ्याइतका अस्वस्थ माणूस त्यांना दुसरा मिळाला नसता. बंधाऱ्यावरचा आकडा फोनवर यायच्या आधीच मी संगणकापुढं उभा असायचो.

आमचं भांडण एकच होतं, कात्रीचं. विकीच्या साच्याला आकडेमोड चांगली येते. बेरीज, गुणाकार, लहानमोठं, सगळं. मजकुराचं मात्र सरांच्या विकीत त्याला काही येत नव्हतं. एखाद्या शब्दात अक्षरं किती, ठिपका कितव्या जागी आहे, इथून तिथपर्यंतचा तुकडा कापून दे, याच्या जागी ते घाल, अशी चारदोन साधी कामं. ही कात्रीची सोय विकीच्या पोटात झोपलेली असते. सर्व्हरवरच्या सेटिंगच्या फायलीत एक ओळ लिहिली की जागी होते. त्या फायलीची किल्ली सरांकडं होती आणि मी वर्षभर त्या ओळीसाठी त्यांच्या मागं लागलो होतो.

"तुमच्या हातात कात्री दिली तर तुम्ही पानाची झालर कराल," सर म्हणायचे. "आकड्याला आकडा राहू द्या."

"आकडा जरा नटवला तर काय बिघडतंय, सर?"

"नटवलेल्या आकड्याला अफवा म्हणतात, निवेदक साहेब."

त्या दिवशी सकाळी सरांनी साच्यात एक नवी गंमत बसवली. नवी पातळी मागच्यापेक्षा जास्त असली तर लाल बाण वर, कमी असली तर हिरवा बाण खाली. बाण बसवला, मला कौतुक करायला लावलं, आणि मेव्हण्याच्या घरच्या साखरपुड्याला मलकापूरला निघून गेले. ते तिकडं पोचले आणि मागं रत्नागिरीचा रस्ता पाण्याखाली गेला.

माझी आक्का नदीपलीकडच्या गावात राहते. भावजी नाहीत, पोरगा पुण्यात, गोठ्यात तीन म्हशी. त्यातली एक दिवस भरलेली. असल्या म्हशीला ओल्या फळीवरून ट्रॉलीत चढवायचं म्हणजे खेळ नव्हे. पाय घसरून पोटावर पडली तर दोन जीव एकदम जायचे. म्हणून आक्का हलायला तयार नव्हती. त्रेचाळीस झाले की गावाबाहेरच्या ओढ्याचं पाणी रस्त्यावर येतं आणि मग ट्रॅक्टरही निघत नाही, हे तिला ठाऊक होतं. त्याच्या आत निघायला हवं. पण पाणी तिथंच थांबलं तर म्हशीला फुकटचा जाच कशाला? बेचाळीस-नऊला तिनं अखेर मन घट्ट केलं आणि ट्रॅक्टर दारात बोलावला.

मग बंधाऱ्यावरून नवा आकडा आला. बेचाळीस-दहा. मी ४२.१० भरलं, जतन केलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आमच्या गॅलरीतून नदी दिसत नाही, समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते. तरी मी तिच्याकडं नदीसारखा बघत होतो. तेवढ्यात फोन वाजला.

"उतरलं की रं पाणी!" आक्काचा आवाज असा खुलला होता की मागून म्हशीही हसत असतील असं वाटलं.

"कुठलं उतरलं? चढलंय. आत्ताच भरला मी आकडा."

"डोळं फुटलं का तुझं? पान बघ की. बेचाळीस-एक. आणि हिरवा बाण खाली. बरं झालं बाई, गाभणीला चढवली नव्हती अजून."

मी धावत आत आलो. पानावर ठसठशीत ४२.१, आणि शेजारी सरांचा लाडका हिरवा बाण, नाक खाली करून.

दोन घोट चहा पोटात गेल्यावर मला उलगडलं. मी भरलं होतं ४२.१०. साच्यानं तो आकडा समजून वाचला. आकड्यात ठिपक्यापुढच्या शेवटच्या शून्याला काही किंमत नसते, म्हणून गाळलं. राहिलं ४२.१. साचा म्हणाला, मघाशी ४२.९ होतं, आता ४२.१, म्हणजे पाणी उतरलं. दहा इंचांचा एक इंच झाला आणि सगळ्या नदीकाठाला हिरवा बाण गेला. आधीच्या पुरांतही असं एखादं शून्य गळलं असेल, पण तेव्हा बाण नव्हता. माणसं मनातल्या मनात दुरुस्त करून घेत असतील.

"आक्का, पान चुकलंय," मी फोनवर ओरडलो. "बेचाळीस-दहा हाय. एक इंच चढलंय. नीघ आधी!"

"पान चुकलंय आणि तू बरोबर?"

"व्हय!"

"गेल्या साली माझ्या जावंच्या पोरीच्या लग्नात माईकवर काय म्हणालतास? पाच हजारांचा जनसागर लोटलाय. निम्मी पंगत मोकळी व्हती."

"ते वेगळं, आक्का."

"आणि मागल्या पुरात? तुमच्या पार्किंगमधी मगर आलीय म्हणालास. व्हती काय मगर?"

"घोरपड व्हती."

"बघ! पान कधी मगर म्हणालं न्हाय. ट्रॅक्टर मी पुढच्या घरला दिला. त्यांचं धान्य न्यायचं हाय. ठेव आता, म्हशीला पेंड घालायचीय."

फोन बंद. बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "मगरीचं मी तेव्हाच सांगितलं होतं," एवढं बोलून ती आत गेली.

पानाला पटवलं तरच आक्काला पटणार होतं. मी आधी सरळ मार्ग धरला. साच्यात आकड्याऐवजी अक्षरांत लिहिलं, बेचाळीस फूट दहा इंच. साच्याला अक्षरांची बेरीज-वजाबाकी जमेना. सगळ्या गावांच्या पानांवर लाल रंगात "अनोळखी शब्द" असं फुटलं आणि चालू-बंद रस्त्यांची माहिती पुसली गेली. घाईघाईनं मागं घेतलं. मग आक्काच्या गावाच्या पानावर, चौकटीच्या वर, मोठ्या अक्षरांत एक सूचना टाकली. "ग्रामस्थ हो, सावधान! महापुराचा विळखा घट्ट होतो आहे! क्षणाचाही विलंब न करता निघा हो, निघा!"

लगेच फोन. "हे तू लिवलंयस."

"मी न्हाय, विकीनं लिहिलंय."

"'निघा हो निघा'? बारशातसुद्धा असंच वरडतोस. मी चौकटीतलं वाचते फक्त. वरचं-खालचं न्हाय."

म्हणजे चौकटीतच दहा दिसायला हवे होते, आणि बाणही वर व्हायला हवा होता. मी खुर्चीत बसलो, उठलो, परत बसलो. कात्री नसलेल्या विकीवर एक चोरवाट असते. आकड्याच्या डावीकडं शून्यं भरून तो सारख्या लांबीचा करायची सोय साच्याला मुळातच असते. तिला फसवायचं. शून्याच्या जागी आपला आकडाच भरायला द्यायचा आणि सांगायचं, दोनच अक्षरं मावतील एवढं भर. मग पहिली दोन अक्षरं हाती लागतात. मी केलं आणि ४२ मिळाले. खुर्चीतून उडी मारली. मग लक्षात आलं की फूट मिळाले, इंच नाहीत. शेपटाकडचा तुकडा या चोरवाटेनं येत नाही. बेचाळीस फूट कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होते. मला पुढचे दहा पाहिजे होते.

सरांना फोन लावला. मलकापूरला वीज नव्हती, मोबाईलच्या मनोऱ्याला जीव नव्हता. "आपण संपर्क करू इच्छिता..." ती बाई इतकी शांत बोलत होती की मला तिची नोकरी घ्यावीशी वाटली. गॅलरी ते संगणक, संगणक ते गॅलरी. बायको म्हणाली, "बसा की. खालच्यांना वाटेल आपण दळण दळतोय." बसायला गेलो तोच सरांचा फोन आला.

"मनोरा आत्ताच सुरू झाला, मेव्हण्यांच्या जीपमध्ये बसून फोन चार्ज करतोय," सर आनंदात होते. "पान बघितलं. उतरलं ना पाणी? बाण काय सुंदर चाललाय!"

मी काहीच बोललो नाही. निवेदक गप्प बसला की समजणाऱ्याला समजतं. सरांच्या मागं सनईची कॅसेट वाजत होती. मग ती ऐकू येईनाशी झाली, बहुतेक त्यांनी जीपची काच वर केली.

"किती भरलं होतं तुम्ही?"

"बेचाळीस-दहा."

"शून्य गेलं," सर म्हणाले. आणि मग अगदी हळू, "अरेरे."

"सर, तो आकडा नव्हताच कधी. दोन आकडे आहेत, मध्ये ठिपका. मजकूर म्हणून वाचल्याशिवाय शून्य दिसायचं न्हाय. कात्री द्या."

"आक्का निघाल्या का?"

"न्हाय. तुमचा बाण बघून ट्रॅक्टर पुढच्या घरला दिला."

मग सर म्हणाले, "फाईल उघडतोय. फोनवर फार बारीक दिसतं हो." मेव्हण्यांचा आवाज आला, "दाजी, आंगठी घालायची वेळ झाली." सर आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी खेकसलेले मी ऐकले. "थांबा म्हणावं आंगठीला!" मग मला, "लिहिली ओळ. बघा, आली का."

आली होती. एवढीशी कात्री, पण मला जत्रेचं मैदान मिळाल्यासारखं झालं. धुळपाटीवर, म्हणजे विकीतल्या सरावाच्या पानावर, साचा नव्यानं मांडला. ठिपका कुठं आहे शोध. त्याच्या अलीकडचा तुकडा फूट, पलीकडचा इंच. फुटांना बारानं गुण, इंच मिळव, आणि तुलना त्या बेरजेशी कर. दाखवताना मात्र तुकडे जसेच्या तसे दाखव. कुणी देवनागरी अंक भरले तर आधी ते बदलून घे. ४२.९ घातलं, नीट. ४२.१० घातलं, "४२ फूट १० इंच", लाल बाण वर! मी संगणकालाच नमस्कार केला. तेवढ्यात बंधाऱ्यावरून फोन आला. बेचाळीस-अकरा.

जतन करायच्या आधी सहज ४३ घालून बघितलं. नुसते त्रेचाळीस, ठिपका नाही. साचा म्हणाला, "४३ फूट ३ इंच". ठिपका सापडला नाही तेव्हा कात्रीनं दुसऱ्या अक्षरापासून कापलं आणि तीन हातात आला होता.

खरं सांगतो, त्या तीन इंचांकडं मी प्रेमानं बघितलं. ते माझ्या रक्ताचे होते. बेचाळीस-अकराचे त्रेचाळीस मी करायचे, पुढचे तीन साचा फुगवणार, आणि आक्का अनवाणी पळत सुटणार. बोट बटणावर होतं. मग खालची ओळ वाचली. त्रेचाळीस झाले की आक्काच्या गावापुढं साचा लिहीत होता, "रस्ता बंद". ते वाचून ट्रॅक्टरवाला धान्य घेऊन आल्या पावली मागं फिरला असता आणि आक्का घरातच राहिली असती. ठिपका नसेल तर इंच शून्य, एवढं मुकाट्यानं साच्यात घातलं, पुन्हा तपासलं, खरे बेचाळीस-अकरा भरले आणि जतन केलं.

आणि आक्काला फोन केला नाही. मी सांगितलं असतं तर ते पुन्हा माझं झालं असतं. हात मांडीखाली घेऊन बसलो. पान ताजं करायचो, परत हात मांडीखाली. बायकोनं चहा ठेवला तोही तसाच वाकून प्यायलो.

फोन वाजला. "आरं, पान बदललं. अकरा दाखवतंय. बाण लाल झाला."

"हं."

"हं काय? खरं हाय का?"

"मी काय बोलत न्हाय, आक्का. तू पान बघ."

पलीकडं म्हशीची साखळी वाजलेली ऐकू आली. "तू गप बसलास म्हंजी लई खरं असणार," ती म्हणाली, आणि फोन न ठेवताच ओरडत सुटली, "आरं त्या ट्रॅक्टरला हाळी द्या! धान्याची पोती एका अंगाला सारा! गाभण हाय, हळू, फळीवर राख टाका आधी, राख!"

फोन चालूच राहिला. मी कानाला लावून घरभर फिरत होतो. फळी वाजली. कुणीतरी "हुर्र, हुर्र" केलं. एक जड धप्प झालं आणि मी चालता चालता थांबलो. मग आक्काचा आवाज, म्हशीशी बोलणारा, मला कधी मिळाला नाही इतका मऊ, "आलीस गं बाय माझी. बस आता."

मी ताबडतोब एका मंगल कार्यालयाच्या मालकाला गाठलं. तिथं निम्म्या शहराची लग्नं मीच बोललोय, आणि पावसाळ्यात ते ओस पडलेलं असतं. "पावणे येतायत," म्हणालो. "किती?" "एक बहीण आणि तीन जड बायका." आल्यावर बघून तो मला बोलायचं ते बोललाच, पण मागच्या मांडवाचं फाटक त्यानंच उघडलं.

ट्रॅक्टर आला तेव्हा चाकं निम्मी ओली होती. ओढ्याचं पाणी रस्त्याला चाटायला लागलं तेवढ्यात तो निसटला होता, आणि त्याच्यामागं गावातून दुसरं वाहन आलं नाही. धान्याच्या पोत्यांत टेकून आक्का, आणि तिच्या मांडीला डोकं लावून गाभण. त्यांना उतरवेपर्यंत मी इतक्या सूचना दिल्या की शेवटी आक्का म्हणाली, "तू जरा लांब जा. म्हस बिचकतीया."

दिवे लागायच्या सुमाराला, मांडवात, नवरानवरी येतात त्या कमानीखाली म्हैस व्यायली. पारडी झाली. आक्का नवरीच्या मखमली खुर्चीत बसून तिला गोणपाटानं पुसत होती. दुसऱ्या हातात फोन. पानावर "४३ फूट ० इंच" आणि तिच्या गावापुढं "रस्ता बंद". सरांचाही फोन आला. आंगठी घातली गेली होती आणि त्यांना विचारायचं होतं, ती ओळ आता काढून टाकायची का. "आजच्यापुरतीच लिहिली होती," ते म्हणाले. मी त्यांना पारडीचं ओरडणं ऐकवलं. ती ओळ अजून तिथंच आहे.

कार्यालयात तोपर्यंत पूरग्रस्त गावांतली आणखी माणसं आली होती. व्हरांड्यात ओल्या बोचक्यांवर मलूल होऊन बसली होती. आक्कानं कोपऱ्यातल्या माईककडं हनुवटी केली. "जा. सांग की सगळ्यांस्नी. आज सांगण्याजोगं हाय."

मी माईक घेतला. घसा साफ केला. पारडीकडं बघितलं, माणसांकडं बघितलं. आणि काय सांगू, जिभेला आवरच बसला नाही.

"ऐका हो ऐका! आपल्या मांडवात आत्ताच, एका म्हशीला, दोन पारड्या झाल्या आहेत!"

व्हरांडा उठून धावत आला. माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत दुसरी पारडी शोधायला लागली. म्हशीच्या मागं, पोत्यांच्या आड, खुर्च्यांखाली.

"म्हणून," आक्का जमलेल्या सगळ्यांना म्हणाली, "म्हणून मी पान बघते." आणि गोणपाट माझ्या तोंडावर फेकलं.